अंगणात हौसेखातर दोन-तीन बदकं पाळायची आहेत, शेजार अगदी लागून आहे. कोणती जात घ्यावी?

शेजार लागून असेल तर आधी आवाजाचा विचार करा, रूपाचा नंतर. माझं मत मस्कोव्हीला. हे बदक इतरांसारखं कलकलत नाही; नर नुसता फुसफुसतो, मादीही हळू आवाजात बोलते. तोंडावरच्या लाल गाठींमुळे काहींना ते कुरूप वाटतं, पण सवय होते. अडचण एकच: मादी मस्त उडते आणि थेट कुंपणावर जाऊन बसते. एका पंखाची उडायची पिसं कापावी लागतात, आणि पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. नखंही चांगलीच ओरबाडतात.

पांढरं पेकिन जड, शांत आणि पटकन माणसाळणारं, मात्र मादीचा गोंगाट गल्लीभर ऐकू जातो. नराचा आवाज घोगरा आणि बारीक असतो. त्यामुळे अंडी नको असतील तर नुसते नर ठेवा, माद्या नसल्या की ते सहसा भांडत नाहीत. अंडी हवीत तर खाकी कॅम्पबेल, चांगली मादी वर्षाला 250 ते 300 देते. पण ती बुजरी, मांडीवर वगैरे बसणार नाही.

कुठलीही जात घ्या, एकटं बदक आणू नका. तळं नसलं तरी चालेल, डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल घमेलं मात्र हवंच. पिल्लं आणलीत तर नुसतं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य पुरत नाही, त्यात नियासिन (ब-3 जीवनसत्त्व) कमी पडून पाय अधू होतात; ते भरून काढायला थोडं ब्रूअर्स यीस्ट (खाण्याच्या यीस्टची पूड) मिसळा.