वारीत फोटो काढायला निघालायस, तर एवढं ऐक

पालखीच्या वाटेवर कॅमेरा नवा नाही, त्यामुळे बहुतेक वारकरी फोटोला नाही म्हणत नाहीत. पण नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो म्हणाले असं धरू नकोस. दिवे घाटातली गर्दी, दिंड्या, पताका, रिंगण हे बिनधास्त टिप. एकाच चेहऱ्यावर लेन्स रोखणार असशील, तर आधी 'माउली' म्हणून हात जोड, नजरेला नजर दे. मावशींनी पदर सावरून मान हलवली की मग बटण दाब. त्यांनी तोंड फिरवलं तर कॅमेरा खाली, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

लांबून टेलिफोटो लेन्सने (दूरचं जवळ दाखवणाऱ्या) चोरून टिपण्यापेक्षा ३५ एमएमची लेन्स घेऊन चार पावलं पुढे जा. माणसाला तू दिसला पाहिजेस. काढलेला फोटो स्क्रीनवर दाखव. आजींना बघायला फार आवडतं, आणि नको वाटला तर तिथेच काढून टाकता येतो.

पहाटे टँकरखाली किंवा चंद्रभागेत बायका आंघोळ करतात, लुगडी बदलतात. तिकडे कॅमेरा वळवायचासुद्धा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली असे फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आडोसा मिळत नाही म्हणून त्या उघड्यावर आहेत. रस्त्याकडेला थकून झोपलेल्यांचे, फोड आलेल्या पायांना पट्टी बांधून घेणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. लहान पोरं असतील तर आईबापांना विचार.

कोणी पत्ता किंवा नंबर दिला, तर फोटो नक्की पाठव. हे बरेच जण विसरतात, आणि मला त्याचा खरंच राग येतो.