पाठीतील पाणी पुन्हा का तपासायचे?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझ्या आईवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले. महिन्याभरापासून तिचे डोके सतत दुखते, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि पायांत बळ राहिलेले नाही. पाठीतून काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, तरी डॉक्टर तीच तपासणी पुन्हा करण्यास सांगतात. तिला हा त्रास पुन्हा द्यावा का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आईला पुन्हा सुई टोचणार म्हटल्यावर जीव कासावीस होणारच, तरीही डॉक्टरांचा सल्ला मानावा, असे मला मनापासून वाटते. कर्करोग मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांवर पसरतो तेव्हा त्याच्या पेशी बहुधा आवरणालाच चिकटून राहतात, त्यामुळे भोवतालच्या सुमारे १५० मिलिलिटर द्रवातून जे थोडे बाहेर काढले जाते त्यात त्या सापडतीलच असे नाही. असा प्रसार झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्येच पहिल्या तपासणीत पेशी दिसतात. दुसऱ्यांदा तपासल्यावर हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून 'पेशी आढळल्या नाहीत' या शेऱ्यावरून आजार नाही, असे ठरवता येत नाही.

मात्र दुसरा नमुना वाया जाऊ देऊ नका. पेशी शोधण्यासाठी किमान १० मिलिलिटर द्रव हवा आणि तो ताबडतोब प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, कारण शरीराबाहेर या पेशी लवकर नष्ट होऊ लागतात. आपल्याकडे पुष्कळदा बाटली नातेवाइकांच्या हाती देतात; ती संध्याकाळी कर्वे रस्त्याच्या गर्दीत अडकली, तर केलेला सारा खटाटोप फुकट जाईल. त्यामुळे तपासणी सकाळीच ठरवावी आणि पॅथॉलॉजिस्टना आधी कळवून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

मेंदूचा आणि संपूर्ण पाठीच्या कण्याचा कॉन्ट्रास्टसह (चित्र उठून दिसावे म्हणून शिरेतून औषध देऊन) एमआरआय झाला नसेल, तर तो सुई टोचण्यापूर्वी करून घेणे चांगले. सुईनंतर काही वेळा आवरणे एमआरआयमध्ये उजळ दिसतात आणि अर्थ लावणे अवघड होते. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर तेही आधी सांगावे. सुईने पाय लुळे पडतील ही भीती अनेक घरांत असते. परंतु मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. पहिल्या अहवालातील प्रथिनांचे व साखरेचे आकडेही डॉक्टरांना विचारून घ्या. वाढलेली प्रथिने आणि घटलेली साखर पेशी न दिसताही संशय बळावतात.