ब्रॅडफर्ड बुल्स सारखा सारखा का बुडतो? (उत्तर थोडं लांबलंय)

तू विचारलंयस की २००३ ला ट्रेबल (एकाच सीझनमध्ये तीन मोठे किताब) मारणारा हा इंग्लंडमधला रग्बी लीग क्लब २०१२ ला एकदम दिवाळखोरीत कसा गेला. एकदम काही नाही रे, या क्लबला मरायची सवय जुनीच आहे.

रग्बी लीग म्हणजे १३ जणांची रग्बी. मॅचपायी बुडालेला रोज गिरणी-खाणीतल्या पोरांना द्यायचा की नाही यावरून १८९५ ला उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, त्यात ब्रॅडफर्ड होता. १९०७ ला त्याच क्लबने रग्बी सोडून फुटबॉल धरला, मग रग्बीवाले बाहेर पडले आणि त्यांनी ब्रॅडफर्ड नॉर्दर्न काढला.

१९३४ पासून ओडसल. ग्राउंड कसलं, जुनी खाण, कचऱ्याची भर टाकून केलेला मोठा वाडगा. १९५४ ला इथे चॅलेंज कपच्या (रग्बी लीगचा मोठा नॉकआउट कप) फायनलची रीप्ले झाली, हॅलिफॅक्स-वॉरिंग्टन, नोंदलेली गर्दी १,०२,५६९. आणि १९६३ ला त्याच खड्ड्यात ब्रॅडफर्ड-बॅरो मॅचला किती लोक? ३२४! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छापताना शून्यं राहिली असतील. त्या डिसेंबरात क्लब भर सीझनमध्ये बंद. ट्रेव्हर फॉस्टर आणि जो फिलिप्स, दोघे जुने खेळाडू, यांनी पुढाकार घेतला म्हणून १९६४ ला परत उभा राहिला.

१९९६ ला सुपर लीग (सगळ्यात वरची डिव्हिजन) आली, नाव बुल्स झालं आणि १९९७, २००१, २००३, २००५ अशी चार टायटल्स. पण माझ्या मते उतरण तेव्हाच लागली होती. २००४ ला इएस्टिन हॅरिस या खेळाडूला आणला. तो आधी लीड्स क्लब सोडून १५ जणांच्या रग्बीत गेला होता, लीड्स म्हणाले परत आला तर आमच्याकडे यायचा करार होता, प्रकरण कोर्टात, शेवटी सेटलमेंट, त्यात पैसा गेलाच. २०१२ च्या सुरुवातीला ओडसलची लीजसुद्धा रग्बी फुटबॉल लीगला (खेळ चालवणारी संघटना) विकावी लागली. फॅन्सनी खिशातून वर्गणी भरली तरी त्याच वर्षी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे दिवाळखोरीत कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हातात. २०१४ ला परत, वर सहा पॉइंट कापले आणि रेलिगेशन, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये. २०१६ ला तिसऱ्यांदा, आणि जानेवारी २०१७ ला कंपनीच गुंडाळली. नव्या कंपनीने सीझन सुरू केला तो उणे १२ पॉइंटवर, म्हणजे घसरणार हे ठरलेलंच, घसरले.

सगळ्यात ब्रॅडफर्डी वर्ष मात्र २०१९. कपमध्ये लीड्सला ओडसलवर २४-२२ हरवलं, आणि काही महिन्यांत ओडसल परवडेना म्हणून बिऱ्हाड शेजारच्या ड्यूजबरी गावाला! २०२१ ला परतले, आता २०२६ साठी सुपर लीगमध्ये.

फॉलो करायचा तर कर, पण आधी पगाराचा खर्च किती वाढवतात ते बघ, पॉइंट टेबल नंतर.