दाराचं कार्बन पॅनेल: आधी साचा, मग कापड

मित्रा, गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल कार्बन फायबरचं करायचं म्हणून तू थेट कार्बनचं कापड मागवायला निघालायस, पण खरं काम साच्यात आहे.

साच्यासाठी मूळ पॅनेल काढताना क्लिपा तुटतातच, दहा-बारा जास्तीच्या आणून ठेव. आतला प्लास्टिकचा पडदा मात्र फाडू नकोस. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा दाब मोजणारा सेन्सर दाराच्या पोकळीत असतो. पोकळीला भोक राहिलं तर त्याला धक्का नीट कळत नाही.

साच्यावर मेणाचे पाच-सहा हात दे, दर हातानंतर थांबून पुसून काढ. मी पहिल्यांदा दोनच हात दिले होते. हँडलच्या खाचेत पॅनेल असं चिकटलं की साचाच फोडावा लागला, फार जिवाला लागलं. खाचेच्या भिंतींना थोडा उतारही हवाच.

कापड चौरस मीटरला 200 ग्रॅमचं, टू-बाय-टू ट्विल (तिरप्या रेघांची वीण) घे, वळणावर छान बसतं. कापण्याआधी रेघेवर मास्किंग टेप लाव, नाहीतर धागे सुटत राहतात. आणि हे विसरू नकोस: दुसऱ्या दारासाठी कापड 90 अंशांत फिरवून टाक, म्हणजे विणीच्या तिरप्या रेघा दोन्हीकडे आरशासारख्या समोरासमोर येतात. एवढ्यानेच काम देखणं दिसतं.

रेझिन, म्हणजे कापडात मुरून कडक होणारं द्रव्य, इपॉक्सीच. पावसाळ्यात शक्यतो ओतू नकोस, दमट हवेत वर चिकट थर येतो. शेवटी उन्हाला टिकणारा क्लिअर कोट (पारदर्शक थर) हवाच, नाहीतर इपॉक्सी पिवळं पडतं. घासायचं ते पाण्यानेच, मास्क लावून.

मेणाचे हात झाले की साच्याचा फोटो टाक, बघतो.