दुपारची डाइव्ह, सकाळचं विमान

प्रश्न : माझा २६ वर्षांचा मुलगा अंदमानला हॅवलॉकमध्ये दोन दिवसांत चार स्कूबा डाइव्ह करून आला. शेवटची दुपारी दीडला संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पोर्ट ब्लेअरहून त्याचं विमान होतं. घरी आल्यावर रात्री खांदा आणि कोपर ठणकायला लागलं, मग मांडीला बधिरपणा आला. डॉक्टरांनी मानेची नस म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मित्राच्या सांगण्यावरून मुंबईला नेऊन ऑक्सिजन चेंबरमध्ये ठेवलं. आता ठणका गेलाय, मांडी अजून थोडी बधिर आहे. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने सगळं ठीक दाखवलं होतं, मग हे कसं झालं? दाबामुळेच त्रास झाला, तर पुन्हा दाबात का ठेवलं? तो परत डाइव्हिंग करू शकेल का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तो कॉम्प्युटर किती खोल आणि किती वेळ एवढं मोजतो, बाकी सगळं गणिताने काढतो. तुमच्या मुलाच्या अंगात नायट्रोजन खरोखर किती मुरलाय, हे त्याला कळायला मार्ग नाही. पाण्याखाली दाबाची हवा घेतली की नायट्रोजन रक्तात, चरबीत मुरतो आणि वर आल्यावर श्वासावाटे सावकाश निघून जातो. विमानाच्या केबिनमध्ये दाब सहा-आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच असतो. नायट्रोजन निघायच्या आत माणूस तिथे पोचला, की अंगात त्याचे बुडबुडे धरतात आणि त्यातूनच असा ठणका, बधिरपणा येतो. लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानाआधी निदान १८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. तुमच्या मुलाला १७ मिळाले. मी तर २४ सांगतो, तिकीट बदलावं लागलं तरी.

हाच हिशेब घाटालाही लागू आहे. मालवणला पर्यटकांना हौसेपुरती उथळ डाइव्ह देतात, तिची या बाबतीत फारशी काळजी नको. तिथे एकच जपायचं : वर येताना श्वास रोखायचा नाही. दहा मीटरवरून श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. पण खोल, लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर त्याच संध्याकाळी आंबोली चढून घरी निघू नका.

आता चेंबर. दाबात परत नेल्यावर दुखणं थांबतं, हे १८५४ मध्येच पोल आणि वातेल या फ्रेंच डॉक्टरांनी दाबाच्या हवेत काम करणाऱ्या खाणीच्या कामगारांमध्ये नोंदवलं होतं. आज बहुतेक ठिकाणी अमेरिकी नौदलाचं ‘टेबल ६’ हे उपचाराचं वेळापत्रक वापरतात. १८ मीटर खोलीइतका, म्हणजे बाहेरच्या हवेच्या २.८ पट दाब देतात. बुडबुडा आकसून एक तृतीयांशाच्या आसपास येतो, शुद्ध ऑक्सिजन त्यातला नायट्रोजन ओढून काढतो आणि सुजलेल्या नसेपर्यंत प्राणवायू पोचतो. नौदलात असताना मी रुग्णांसोबत आत बसत असे. दाब चढताना आत उकडून घामाच्या धारा लागतात, उतरताना गारठा पडून धुकं धरतं. वीस मिनिटं मास्कमधून ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, असं आलटूनपालटून चालतं, कारण सलग ऑक्सिजनने फिट येऊ शकते. एक फेरी पावणेपाच तासांची. सौंदर्य आणि तारुण्यासाठी हल्ली विकतात त्या कापडी फुगवट्याच्या चेंबरमध्ये हा दाब येत नाही. या आजारात तिथे वेळ घालवणं घातक आहे.

तिसऱ्या दिवशी का होईना, नेलंत हे फार चांगलं केलंत. उशीर झाला तरी उपचाराचा उपयोग होतो. डाइव्हिंगनंतर दोन दिवसांत कुठेही ठणका, मुंग्या, चक्कर किंवा लघवीला अडथळा आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी डाइव्ह करून आलोय’ हेच सांगावं. ते कळल्याशिवाय मानेच्या नसेचं निदान कुणीही करील. चेंबर मिळेपर्यंत मास्कने पूर्ण ऑक्सिजन लावायचा.

मांडीचा बधिरपणा राहिलाय म्हणजे मज्जारज्जूला इजा झाली असावी. बऱ्याचदा त्यासाठी आणखी फेऱ्या देतात, तेव्हा त्याच डॉक्टरांना लगेच पुन्हा दाखवा. बधिरपणा पूर्ण गेल्यावरही डाइव्हिंगच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांची परवानगी हवी. हृदयाच्या पडद्यात जन्मजात भोक आहे का, हेही तपासून घ्या. साधारण चारांतल्या एका माणसात ते असतं आणि त्यातून बुडबुडे थेट मेंदूकडे जाऊ शकतात. तोवर त्याला डाइव्हिंग पूर्ण बंद. ऐकत नसेल तर मला पत्र लिहायला सांगा, मी त्याच्याशी बोलेन.