सोनोग्राफीत पोटात चरबीची मोठी गाठ दिसली, तरी सीटी स्कॅन कशासाठी?

आपल्या वडिलांच्या पोटात सोनोग्राफीत 14 सेंटिमीटरची चरबीची गाठ दिसली, अहवालात ‘लायपोमा (चरबीची साधी, कर्करोग नसलेली गाठ) असावा’ असे आले आणि तरीही डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. गाठ साधी असेल तर हा खर्च कशाला, असे आपण विचारले आहे. मी म्हापशात रेडिओलॉजिस्ट आहे. माझ्या मते तो खर्च अहवालातल्या ‘असावा’ या एका शब्दासाठी आहे.

सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो आणि भोवतालची नेहमीची चरबीही गाठीसारखीच दिसते, त्यामुळे एवढ्या मोठ्या गाठीची मागची कड आणि तिचे मूळ नीट सापडत नाही. सीटीच्या पडद्यावर मात्र मी गाठीवर माउसने एक लहान वर्तुळ काढतो आणि शेजारी तिथल्या घनतेचा आकडा उमटतो. पाण्याचा आकडा 0, चरबीचा साधारण उणे 50 ते उणे 120. उणे 105 आला की ती चरबीच, हे क्षणात ठरते, पण एवढ्याने निदान होत नाही. ती निघाली कुठून आणि तिच्यात चरबीखेरीज काय आहे, हे पाहावे लागते.

मूत्रपिंडाच्या कडेत खाच पाडून आत शिरलेली, रक्तवाहिन्या असलेली गाठ बहुधा अँजिओमायोलायपोमा असते, तर मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतली मायलोलायपोमा. दोन्ही सहसा निरुपद्रवी. आतड्यांच्या मागे, पाठीच्या बाजूला स्वतंत्र वाढलेल्या गाठीबाबत मात्र मी सावध असतो, कारण त्या जागी खरा लायपोमा फार दुर्मीळ आहे आणि लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोग, नाही हे आधी पाहावे लागते. आतले पडदे 2 मिलिमीटरहून जाड असतील किंवा शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारे औषध, दिल्यावर एखादा घट्ट भाग उजळत असेल, तर शंका बळावते. 10 सेंटिमीटरच्या पुढचा आकारही त्यात भर घालतो. एमआरआयमध्ये चरबीचा संकेत दाबला की पांढरी गाठ काळी पडते, आणि जो भाग काळा पडत नाही तिथे नजर थांबते. सुईने तुकडा घ्यायचाच झाला तर तोही तिथूनच. कमी तीव्रतेचा लायपोसार्कोमा प्रतिमेत हुबेहूब लायपोमासारखा दिसू शकतो. अशा वेळी त्या तुकड्यावर एमडीएम2 या जनुकाची तपासणी उपयोगी पडते.

(एका रुग्णाच्या पत्नीने मला विचारले होते की हुमणातला, म्हणजे माशांच्या आमटीतला, नारळ कमी केला तर गाठ विरघळेल का. नाही, अशी गाठ आहाराने जात नाही.)

कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, आणि वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर ते आधीच सांगा. फिल्मसोबत सीडीही मागून घ्या; पुढे गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा अन्यत्र शस्त्रक्रियेचा विचार झाला, तर तिथल्या डॉक्टरांना ती गाठ हव्या त्या बाजूने पुन्हा पाहता येईल.