मौलाना, मुराबहा आणि हळदीची पोती

मुलगा दुबईत आहे. तिथल्या इस्लामी बँकेत कर्ज मौलाना मंजूर करतात का? – वाचक, मिरज

नाही हो. कर्ज नेहमीचे बँकवालेच मंजूर करतात. शरिया मंडळ, म्हणजे इस्लामी धर्मनियम जाणणाऱ्या विद्वानांचं मंडळ, योजनेचा मसुदा, करार आणि नफा कसा आला ते तपासतं. बहरीनची ‘आयोफी’ ही मानकं ठरवणारी संस्था किमान तीन सदस्य सांगते, आणि त्यांची नेमणूक भागधारकांच्या सभेत.

मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. मुराबहा म्हणजे व्याजच ना, फक्त नाव बदललेलं? – सांगली

इस्लामी नियमांत व्याज निषिद्ध, म्हणून मुराबहात बँक पैसे देत नाही, माल नफा धरून विकते. समजा, १० लाखांची हळद हवी आहे. बँक ती आधी स्वतः विकत घेते, मग तुम्हाला सहा महिन्यांच्या उधारीवर १० लाख ४० हजारांना विकते. सगळी मेख त्या ‘आधी’त आहे. मधल्या काळात गोदामात पाणी शिरलं तर भिजलेली पोती बँकेची. (२०१९ चा पूर पाहिलेल्यांना हे फोडून सांगायला नको.) म्हणून शरिया तपासनीस पावत्यांच्या तारखा बघतो. विक्रीचा कागद खरेदीच्या आधीचा निघाला, तर तो नफा दानात जातो. उशिराच्या हप्त्यावरचा दंडही दानातच. काही व्यवहारांत मात्र बँकेची मालकी घटकाभराचीच असते. तिथे तुमचा टोमणा बरोबर बसतो.

मानधन बँकच देणार, मग हे विद्वान तिला अडवतील कशाला? – निवृत्त लेखापरीक्षक, कराड

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत! शिवाय नावाजलेले तेच ते विद्वान अनेक मंडळांवर दिसतात. मलेशियाने यावर बऱ्यापैकी बंदोबस्त केला. तिथल्या केंद्रीय बँकेत १९९७ पासून शरिया सल्लागार परिषद आहे. २००९ च्या कायद्याने तिचा निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक झाला. एका विद्वानाला दोन इस्लामी बँकांच्या समित्यांवर बसता येत नाही. २०१३ च्या कायद्यात तर शरियाभंगाला आठ वर्षांपर्यंत कैद आहे. मला यातली दोन बँकांची अटच जास्त मोलाची वाटते. कैदेची वेळ क्वचित येते. मिंधेपणा रोजचा असतो.

आमच्या नागरी सहकारी बँकेत असा विभाग काढता येईल का? – संचालक, सातारा

आज तरी नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, म्हणजे वरची हळद तिथेच अडली. रिझर्व्ह बँकेनेही इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात कळवलं आहे. तेव्हा सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्याची घाई नको.